तांबेयुक्त औषधे, इतर रसायने आणि स्यूडोमोनास-बॅसिलस: जिवाणू जगतात का, आणि जगले तरी काम करतात का?

प्रश्न : रोपवाटिका

नमस्कार. टोमॅटो आणि मिरचीच्या रोपांवर येणाऱ्या मर रोगासाठी व मूळकुजीसाठी आम्ही स्यूडोमोनास फ्लुरोसन्स आणि बॅसिलस सबटिलिस या जिवाणूंची आळवणी करतो. त्याच पिकावर करपा आणि जिवाणूजन्य ठिपके येतात, त्यामुळे कॉपर ऑक्सिक्लोराइड आणि मॅन्कोझेब यांच्याशिवाय भागत नाही. खोडाशी कूज दिसली की तांब्याच्या औषधाची आळवणीही होते. म्हणजे एकाच रोपाच्या मुळाशी आम्ही जिवाणूही ओततो आणि जिवाणूंना मारक ठरू शकणारे औषधही ओततो. जिवाणूंच्या पाकिटावर ‘रासायनिक बुरशीनाशकांबरोबर मिसळू नये’ एवढे एकच वाक्य असते. त्यापुढे जाऊन विचारले तर कोणी आठ दिवसांचे अंतर ठेवायला सांगतो, कोणी पंधरा दिवसांचे, आणि या आकड्यामागचे कारण मात्र कोणीच सांगत नाही.

माझे तीन प्रश्न आहेत. सर्वच रसायने या जिवाणूंना सारखीच घातक आहेत का, की त्यांत फरक करता येतो? दिवसांच्या अंतराला काही शास्त्रीय आधार आहे का? आणि तिसरा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. ज्या वाफ्यांत तांब्याची आळवणी वारंवार झाली आहे, तेथील मुळांजवळची माती तपासून घेतली असता स्यूडोमोनास जिवंत असल्याचा अहवाल आला, तरीही त्या वाफ्यांत मर आटोक्यात येत नाही आणि शेजारच्या वाफ्यांत येते. जिवाणू जिवंत असतील तर त्यांचे काम कोठे अडते? जस्त आणि लोह ही सूक्ष्म अन्नद्रव्येही आम्ही देतो. त्यांचाही यात काही हात असू शकेल का?

प्रतिसाद १ : बांधावरचा

आपल्या पहिल्या दोन प्रश्नांपुरते लिहितो, तिसऱ्यासाठी येथे माझ्यापेक्षा जाणकार मंडळी आहेत.

रसायने सारखी नाहीत. कोणते औषध रोगकारकाच्या कोणत्या भागावर घाव घालते हे पाहिले की बराचसा उलगडा होतो. कार्बेन्डाझिम बुरशीच्या पेशीतील ट्यूब्युलिन या प्रथिनाला चिकटून तिचे पेशीविभाजन थांबवते. जिवाणूंमध्ये ते प्रथिन त्या स्वरूपात नसते, म्हणून शिफारशीच्या मात्रेत स्यूडोमोनास आणि बॅसिलस ते सहसा सहन करतात. मेटालॅक्झिल ऊमायसीट गटातील, म्हणजे पिथियम आणि फायटोप्थोरा यांच्यासारख्या रोगकारकांवर काम करते आणि तेही जिवाणूंना फारसे बाधत नाही. ट्रायअझोल गटातील औषधे अर्गोस्टेरॉल तयार होण्याची क्रिया अडवतात. अर्गोस्टेरॉल हा बुरशीच्या पेशीपटलाचा घटक आहे, जिवाणूंच्या नव्हे, त्यामुळे तेथेही धोका तुलनेने कमी असतो.

थायरम, कॅप्टन, मॅन्कोझेब, क्लोरोथॅलोनिल यांची गोष्ट वेगळी आहे. ही औषधे एका ठिकाणी नेम धरत नाहीत. पेशीतील गंधकयुक्त गट असलेली प्रथिने आणि विकरे (एन्झाइम) जेथे सापडतील तेथे ती जाऊन भिडतात, आणि असे गट बुरशीत असतात तसे जिवाणूतही असतात. रोगकारकाला अशा औषधांविरुद्ध प्रतिकारशक्ती सहजासहजी येत नाही हा त्यांचा गुण आहे. परंतु त्याच गुणामुळे ती मित्र-शत्रू असा भेदही करत नाहीत. तांब्याची औषधेही याच पंक्तीत बसतात. स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ही तर जिवाणूंना मारण्यासाठीच वापरली जातात, त्यामुळे त्यांच्या फवाऱ्याला लागून जिवाणूंचा फवारा घेण्यात काहीच अर्थ नाही. याला एक अपवाद आहे. सफरचंद आणि नासपतीच्या फायर ब्लाइट रोगासाठी वापरला जाणारा स्यूडोमोनासचा ए-५०६ हा प्रभेद (उपप्रकार) स्ट्रेप्टोमायसिन सहन करतो, म्हणून तेथे दोन्हींचा मेळ घालता येतो. आपल्या पाकिटातला प्रभेद तसा असेलच असे गृहीत धरू नये.

आता मात्रेचा हिशेब पाहू, कारण बहुतेक गोंधळ येथेच होतो. ७५ टक्के मॅन्कोझेब लिटरला अडीच ग्रॅम टाकले तर द्रावणात सक्रिय घटक सुमारे १८७५ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) होतो. तेच औषध हेक्टरी अडीच किलो या प्रमाणात सगळेच्या सगळे जमिनीवर पडले आणि वरच्या १५ सेंटिमीटर थरात मिसळले, तर त्या थराचे वजन सुमारे २२ लाख किलो धरता मातीत ते एक पीपीएमही होत नाही. टाकी आणि शेत यांत दोन हजार पटींहून अधिक फरक पडतो. म्हणून टाकीत एकत्र करणे हा सर्वांत मोठा घात आहे, पानांवरून ओघळून मातीत गेलेल्या औषधाचा धोका त्यामानाने फारच कमी असतो. बीजप्रक्रियेत मात्र धोका टाकीइतकाच असतो, कारण औषधाचा थर आणि जिवाणू दोन्ही बियाण्याच्या त्याच इवल्याशा पृष्ठभागावर असतात. तेथे आधी रसायन लावून बियाणे सावलीत पूर्ण सुकवावे आणि जिवाणू अगदी शेवटी, पेरणीच्या तोंडावर लावावेत, हा क्रम मोडू नये.

दिवसांच्या अंतराचे म्हणाल तर मॅन्कोझेबसारखी औषधे ओलसर जमिनीत काही दिवसांतच विघटित होऊ लागतात, त्यामुळे सात-आठ दिवसांचे अंतर बहुतेक ठिकाणी पुरते. मी तरी तेवढेच ठेवतो.

आणखी एक बाब. औषधाच्या नावापेक्षा त्याचे रूप कधी कधी अधिक बाधते. तेलकट प्रवाही स्वरूपातील कीटकनाशकांत जे विद्रावक आणि पायसीकारक असतात, ते जिवाणूंच्या पेशीपटलाला इजा करू शकतात. तोच सक्रिय घटक पाण्यात मिसळणाऱ्या भुकटीच्या रूपात असेल तर परिणाम सौम्य असू शकतो. स्टिकर आणि स्प्रेडर जिवाणूंच्या द्रावणात सढळ हाताने ओतणाऱ्यांनीही याचा विचार करावा.

प्रतिसाद २ : सूक्ष्मदर्शी

बांधावरचा यांनी टाकी आणि शेत यांतला फरक आकड्यांनिशी दाखवला हे फार उपयुक्त झाले. मात्र त्यांचा हिशेब फवारणीचा आहे आणि प्रश्नकर्त्यांचा प्रश्न आळवणीचा आहे. ५० टक्के कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम घेतले तर द्रावणात १२५० पीपीएम तांबे असते. त्याचे २०० मिलिलिटर एका रोपाला ओतले म्हणजे २५० मिलिग्रॅम तांबे गेले. ते मुळाभोवतीच्या पाच किलो मातीत राहिले असे धरले तरी दर किलोला ५० मिलिग्रॅमची भर एकाच आळवणीत पडते. अशा चार आळवण्या झाल्या की २०० मिलिग्रॅम. आणि येथे दिवसांचे अंतर कामाचे नाही, कारण तांबे विघटित होत नाही. मॅन्कोझेबसाठी आठ दिवस थांबणे योग्य आहे, परंतु तांब्याच्या बाबतीत आठ दिवसांनी ते तेथेच असते आणि आठ वर्षांनीही बहुतांश तेथेच असते. थांबल्याचा उपयोग एवढाच की दरम्यान बरेचसे तांबे मातीतील सेंद्रिय पदार्थांना आणि चिकणमातीच्या कणांना बांधले जाते व मोकळे तांबे घटते.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘जिवंत’ म्हणजे माध्यमावर वसाहत तयार करू शकणारा जिवाणू, एवढाच अर्थ असतो. रोग रोखण्यासाठी मात्र या जिवाणूला बरेच काही करावे लागते. त्याला मुळाच्या दिशेने पोहत जावे लागते, मुळाच्या पृष्ठभागावर चिकटून थर तयार करावा लागतो आणि योग्य वेळी प्रतिजैविके व लोह पकडणारी संयुगे स्रवावी लागतात. धातूंचा आणि रसायनांचा सौम्य ताण जिवाणूला न मारताही यांपैकी एखादी पायरी बंद पाडू शकतो. मोकळे तांबे पेशीत शिरले की लोह-गंधक गट असलेली विकरे मोडते. ती दुरुस्त करण्यात आणि तांबे बाहेर फेकणारे पंप चालवण्यात जिवाणूची ऊर्जा खर्च होते. जो स्वतःचा जीव वाचवण्यात गुंतला आहे त्याच्याकडून रोगकारकाशी झुंजण्याची अपेक्षा किती करावी, हा प्रश्न आहे.

धातू म्हणजे निव्वळ विष, असेही समजू नये. या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण स्वित्झर्लंडमधील आहे. तेथील एका रोगप्रतिरोधक मातीतून मिळालेला सीएचए-० हा स्यूडोमोनासचा प्रभेद, जो आता स्यूडोमोनास प्रोटेजेन्स या नावाने ओळखला जातो, डायअसिटिलफ्लोरोग्लुसिनॉल नावाचे प्रतिजैविक तयार करतो. टोमॅटोवर मूळकूज आणणारी फ्युजेरियम बुरशी फ्युजेरिक आम्ल स्रवते आणि हे आम्ल जिवाणूचे तेच प्रतिजैविक तयार होऊ देत नाही. म्हणजे रोगकारक आपल्या मित्राला मारत नाही, नुसता निःशस्त्र करतो. झुरिचच्या ईटीएच संस्थेतील डफी आणि देफागो यांनी १९९७ मध्ये दाखवले की मातीविरहित लागवडीच्या पोषणद्रावणात जस्त मिसळले असता बुरशीचे फ्युजेरिक आम्ल तयार होणे थांबते आणि त्या जिवाणूचे रोगनियंत्रण सुधारते. प्रश्नकर्त्यांच्या शंकेतला ‘जिवंत आहे पण काम करत नाही’ हा प्रकार असा प्रत्यक्षात असतो, आणि त्यात एक धातू मदतीलाही येऊ शकतो. अर्थात पोषणद्रावणातील निष्कर्ष उचलून सरसकट जमिनीत जस्त ओतावे असा याचा अर्थ नाही. मातीत जस्त बांधले जाते, आणि जास्त झाले तर तेही विषारीच आहे.

लोहाचे वागणे आणखी गुंतागुंतीचे आहे. फ्लुरोसन्ट स्यूडोमोनास लोह कमी पडले की पायोव्हर्डिन नावाचे पिवळसर-हिरवे, अतिनील प्रकाशात चमकणारे संयुग स्रवतो. ते आसपासचे लोह पकडून आणते आणि रोगकारक बुरशीला लोहाची चणचण भासू लागते. १९८० मध्ये क्लोप्पर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की फ्युजेरियम मर आणि गव्हाचा टेक-ऑल या रोगांना प्रतिरोधक असलेल्या मातीत बाहेरून लोह मिसळले की तिचा प्रतिरोध नाहीसा होतो. सहज मिळणारे लोह हाताशी असेल तर जिवाणू पायोव्हर्डिन तयार करण्याचा खटाटोप करत नाही. पण याच्या अगदी उलट उदाहरण वर उल्लेखलेल्या सीएचए-० चे आहे. तंबाखूच्या काळ्या मूळकुजीविरुद्ध हा प्रभेद हायड्रोजन सायनाइड तयार करतो आणि त्यासाठी त्याला पुरेसे लोह लागते. लोह कमी असलेल्या कृत्रिम मातीत त्याने रोग रोखला नाही, हे १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा ‘लोह द्यावे की देऊ नये’ याला एकच उत्तर नाही. आपला प्रभेद कोणत्या हत्याराने लढतो त्यावर ते ठरते, आणि दुर्दैवाने ही माहिती पाकिटावर छापलेली नसते. चिलेटयुक्त लोह (सेंद्रिय रेणूत बांधून सहज मिळेल असे ठेवलेले) आणि स्यूडोमोनास एकाच आळवणीतून देण्याचे मात्र मी टाळीन.

एक गोष्ट उत्पादनाच्या बाजूचीही आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पौष्टिक माध्यमात स्यूडोमोनास वाढवताना गॅकएस आणि गॅकए या नियंत्रक जनुकांत बिघाड झालेले जिवाणू साचत जातात. ते जोमाने वाढतात, मोजणीत व्यवस्थित भरतात, पण प्रतिजैविके जवळजवळ तयारच करत नाहीत. माध्यमात जस्त, तांबे किंवा मँगनीज यांची अल्प मात्रा ठेवली तर अशा बिघडलेल्या जिवाणूंची भर कमी पडते, असे आढळले आहे. म्हणजे टाकीत ज्या तांब्याला आपण भितो, तेच तांबे अल्प मात्रेत कारखान्यात उपयोगी ठरते. त्याचप्रमाणे बॅसिलसला बीजाणू धरण्यासाठी मँगनीज आवश्यक असते आणि उत्पादक ते माध्यमात मुद्दाम घालतात.

बॅसिलसच्या बीजाणूंबद्दल दोन वाक्ये लिहून थांबतो. बीजाणू सुप्त असतात, त्यांचे आवरण जाड असते, म्हणून टाकीत तांबे किंवा थायरम यांच्या सान्निध्यातही त्यांची संख्या फारशी घटत नाही, आणि त्यावरून ‘बॅसिलस कशातही मिसळा, चालते’ असा समज पसरतो. परंतु बीजाणू स्वतः रोग रोखत नाही. मुळाजवळ रुजून त्याचा वाढता जिवाणू झाला की तो इट्युरिन, फेंजायसिन यांसारखी संयुगे स्रवतो, आणि रुजलेला जिवाणू त्याच तांब्यापुढे पुष्कळच नाजूक असतो.

प्रतिसाद ३ : हरितवाचक

थोडे विषयाला जोडून. वर कार्बेन्डाझिम जिवाणूंना चालते असे म्हटले आहे ते बरोबर आहे, पण अनेकजण स्यूडोमोनास आणि ट्रायकोडर्मा एकत्र वापरतात आणि दोघांनाही ‘जैविक’ या एकाच नावाने ओळखतात. ट्रायकोडर्मा ही बुरशी आहे आणि कार्बेन्डाझिम तिला फार थोड्या मात्रेतही रोखते. एकाच मिश्रणात दोघे असतील तर वरची यादी जशीच्या तशी लागू करू नये.

तणनाशकांबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून विचारतो, ग्लायफोसेटचा या जिवाणूंवर परिणाम होतो का?

प्रतिसाद ४ : सूक्ष्मदर्शी

हरितवाचक, ट्रायकोडर्माची आठवण करून दिलीत हे चांगले झाले.

ग्लायफोसेट वनस्पतींतील ज्या विकराला रोखते, ते शिकिमेट मार्गातील विकर जिवाणूंतही असते, त्यामुळे शंका रास्त आहे. पण जिवाणूंमध्ये त्या विकराची संवेदनशीलता वेगवेगळी असते. अनेक स्यूडोमोनास ते बऱ्यापैकी सहन करतात, आणि काही तर ग्लायफोसेटमधील स्फुरद अन्न म्हणून वापरतात. ग्लायफोसेटसहिष्णू सोयाबीनच्या मुळांजवळ त्याच्या वापरानंतर फ्लुरोसन्ट स्यूडोमोनास घटले आणि फ्युजेरियम वाढले, अशी निरीक्षणे प्रसिद्ध झाली आहेत, तर इतर काही अभ्यासांत टिकाऊ परिणाम दिसला नाही. मुळातून स्रवणारी द्रव्येच बदलल्याने जिवाणूंची सरमिसळ बदलते, की तणनाशक थेट बाधते, हा वाद अजून मिटलेला नाही. तांब्याच्या तुलनेत मी याला दुय्यम मानतो.

प्रतिसाद ५ : मृदापरीक्षक

मातीच्या बाजूने थोडे लिहितो, कारण येथपर्यंतची चर्चा प्रामुख्याने जिवाणूच्या बाजूने झाली आहे.

मातीतील एकूण तांबे आणि जिवाणूला जाणवणारे तांबे या दोन अगदी निराळ्या राशी आहेत. जिवाणूला बाधते ते मातीच्या पाण्यात मोकळ्या आयनाच्या रूपात असलेले तांबे. मातीचा सामू (आम्लता दाखवणारा पीएच) साडेसहा-सातच्या वर असेल आणि सेंद्रिय कर्ब चांगला असेल, तर एकूण तांबे बरेच असूनही मोकळे तांबे अत्यल्प राहते. सामू साडेपाचच्या खाली गेला की तेच तांबे मोकळे होऊ लागते. म्हणून तांब्याच्या औषधांनंतर ठिबकमधून फॉस्फरिक आम्ल सोडणे, किंवा अमोनियमयुक्त खतांच्या सततच्या वापराने मुळाजवळचा सामू घसरू देणे, हे साचलेल्या तांब्याला पुन्हा जागे करणे आहे. टाकीतही हाच नियम लागू पडतो. फोसेटिल-ॲल्युमिनियमसारखी आम्लधर्मी औषधे तांब्याच्या औषधांत मिसळू नयेत असे सांगितले जाते, ते याच कारणाने. आम्लात तांबे झपाट्याने विरघळते आणि पाने भाजतात. बोर्डो मिश्रणात मोरचुदाबरोबर चुना घालतात, त्यामागेही तांबे अविद्राव्य रूपात ठेवून ते थोडे थोडे सुटू देण्याचाच हेतू असतो.

द्राक्षबागांमध्ये १८८५ च्या सुमारास बोर्डो मिश्रणाचा वापर सुरू झाला आणि जुन्या बागांच्या मातीत तेव्हापासूनचे तांबे साचलेले आढळते. युरोपीय संघाने २०१९ पासून तांब्यावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे सरासरी वर्षाला चार किलो अशी मर्यादा घातली आहे. सांडपाण्याचा गाळ जमिनीत टाकण्यासंबंधीच्या त्यांच्या १९८६ च्या निर्देशात मातीतील तांब्याची मर्यादा सामू ६ ते ७ असताना किलोला ५० ते १४० मिलिग्रॅम अशी आहे. ही मर्यादा मुख्यतः गाळासाठी ठरवलेली असली तरी सूक्ष्मदर्शी यांनी काढलेल्या २०० मिलिग्रॅमच्या शेजारी ती ठेवून पाहावी.

साचलेले धातू उपयुक्त जिवाणूंचे काय करतात याचा एक दीर्घकालीन पुरावा इंग्लंडमधील वोबर्न येथील प्रयोगातून मिळाला. रॉथमस्टेड संस्थेच्या या प्रक्षेत्रावर १९४२ ते १९६१ या काळात काही तुकड्यांत सांडपाण्याचा गाळ टाकला होता. गाळ टाकणे थांबल्यावर वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी त्या तुकड्यांतील पांढऱ्या क्लोव्हरच्या मुळांवरील गाठी लहान, पांढुरक्या आणि निरुपयोगी निघाल्या. त्यांत नत्र स्थिरीकरण होत नव्हते. कारण शोधले तेव्हा असे दिसले की जस्त, तांबे, कॅडमियम यांच्या मिश्र ताणाखाली रायझोबियमचे काम करणारे प्रकार मातीतून नाहीसे झाले होते आणि जो प्रकार टिकून राहिला तो गाठी करत होता, पण नत्र देत नव्हता. हे रोगनियंत्रक जिवाणूंचे उदाहरण नाही, तरी प्रश्नकर्त्यांच्या वाफ्यांशी ते फार जवळचे आहे. मोजणीत जिवाणू सापडतो, मुळावर त्याची खूणही दिसते, आणि काम मात्र होत नाही. तसेच, आपल्या अहवालात सापडलेला ‘स्यूडोमोनास’ हा आपण ओतलेलाच आहे की मातीतला मूळचा, तांबे सहन करणारा पण रोगाशी देणेघेणे नसलेला दुसराच कोणी आहे, हे साध्या मोजणीतून कळत नाही.

शत्रूपक्षाचेही ध्यानात घ्यावे लागेल. टोमॅटोवर ठिपके आणणाऱ्या स्यूडोमोनास सिरिंजी या रोगकारकात तांब्याचा प्रतिकार करणारी जनुके प्लाझ्मिडवर (मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या तुकड्यावर) आढळली आहेत, आणि प्लाझ्मिड एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. तांब्याचा मारा सतत सुरू राहिला की रोगकारक सहनशील होत जातो. दर वेळी पाकिटातून नव्याने ओतलेला मित्र जिवाणू मात्र तांब्याची सवय नसलेलाच असतो.

कॅडमियमबद्दल एवढेच, की ते मुख्यतः फॉस्फेट खडकापासून बनवलेल्या खतांतून आणि गाळातून येते. एका हंगामात ते जाणवत नाही, परंतु तांब्याप्रमाणेच ते निघून जात नाही.

रोपवाटिका यांचा पुढील प्रश्न

सर्वांचे मनापासून आभार. चर्चेतून मला असे समजले की मॅन्कोझेबसाठी अंतर ठेवणे सयुक्तिक आहे, तांब्याची आळवणी मात्र मुळाशी करायचीच नाही आणि तांबे फक्त पानांवरच्या फवारणीपुरते ठेवायचे. दोन शंका उरल्या. आधीच तांबे साचलेल्या वाफ्यांचे काय करावे? आणि आमच्या वापरातले एखादे औषध आमच्याच पाकिटातील जिवाणूला चालते की नाही, हे तपासून घ्यायचे असेल तर प्रयोगशाळेला नेमके काय करायला सांगावे? मागे एकदा औषधात भिजवलेली कागदाची चकती जिवाणूंच्या बशीत ठेवण्याची चाचणी करून घेतली होती. तिच्यात तांब्याभोवती जिवाणू अगदी जवळपर्यंत वाढलेले दिसले, म्हणजे तांबे बाधत नाही असे आम्हाला सांगण्यात आले.

प्रतिसाद ६ : सूक्ष्मदर्शी

चकतीच्या चाचणीवर तांब्याच्या बाबतीत विसंबू नये. पोषक माध्यमातील पेप्टोन आणि अमिनो आम्ले तांब्याला बांधून टाकतात, शिवाय अविद्राव्य तांबे आगरातून पसरतही नाही. त्यामुळे बशीतला जिवाणू प्रत्यक्षापेक्षा किती तरी अधिक सहनशील दिसतो.

प्रयोगशाळेला असे सांगावे. शेतात वापरता त्याच पाण्यात, त्याच मात्रेचे औषधाचे द्रावण तयार करावे आणि त्यात शिफारशीइतका जिवाणू मिसळावा. शेजारी औषधाशिवायचे, त्याच पाण्यातले मिश्रण तुलनेसाठी ठेवावे. मिसळल्याबरोबर, दोन तासांनी आणि चार तासांनी प्रत्येकी एक मिलिलिटर नमुना काढून तो दहा-दहा पटींनी विरळ करत किंग्ज बी माध्यमावर पसरावा आणि २८ अंशांना एक-दोन दिवस ठेवून वसाहती मोजाव्यात. येथे एक बारकावा चुकतो. नमुन्याबरोबर तांबेही बशीत जाते आणि तेथे वाढ रोखते, म्हणून पहिल्या विरळ द्रावणात तांबे बांधून ठेवणारे सायट्रेट किंवा सिस्टीन घालायला सांगावे. नाही तर उलट दिशेची चूक होईल आणि जिवंत जिवाणूही मेलेले मोजले जातील. संख्या तुलनेच्या मिश्रणापेक्षा दहा पटींनी किंवा त्याहून अधिक घटली तर ते मिश्रण टाकीत करू नये. बॅसिलससाठी हीच चाचणी बीजाणूंवर केली तर सगळे ठीकच दिसेल, म्हणून रुजवलेल्या, वाढत्या जिवाणूंवरही ती करून घ्यावी.

किंग्ज बी माध्यमावरच्या वसाहती अतिनील दिव्याखाली आवर्जून पाहाव्यात. या माध्यमात लोह कमी असल्याने निरोगी फ्लुरोसन्ट स्यूडोमोनासची वसाहत निळसर-हिरवी चमकते, आणि माध्यमात थोडे फेरिक क्लोराइड टाकले की तोच जिवाणू चमकेनासा होतो. लोहाविषयी वर जे लिहिले ते यात डोळ्यांनी दिसते. रोग रोखण्याची क्षमता मात्र या चमकीवरून ठरत नाही. ती पाहायची तर त्याच वसाहती फ्युजेरियमच्या समोरासमोर वाढवून बुरशी किती मागे राहते हे बघावे, आणि त्यानंतर कुंडीतल्या रोपांवर, आपल्याच वाफ्यातील मातीत. साचलेले तांबे आणि नवा जिवाणू यांची खरी गाठ तेथेच पडेल.

प्रतिसाद ७ : मृदापरीक्षक

वाफ्यांबद्दल. प्रथम सामू, सेंद्रिय कर्ब आणि डीटीपीए (धातू पकडणारे रसायन) द्रावणाने निघणारे तांबे या तीन गोष्टी साचलेल्या आणि शेजारच्या अशा दोन्ही वाफ्यांतून, वरच्या १५ सेंटिमीटरमधून तपासून घ्या. दोन्हींतील फरक पाहिल्याशिवाय मर आटोक्यात न येण्याचे खापर तांब्यावर फोडू नका, कारण निचरा, मुळाची सूत्रकृमीने झालेली इजा आणि बुरशीचा वेगळा प्रकार हीही कारणे असू शकतात. फरक खरोखरच मोठा निघाला आणि सामू सहाच्या खाली असला तर चुन्याने तो साडेसहाच्या आसपास आणावा व चांगले कुजलेले सेंद्रिय खत भरपूर मिसळावे. तांबे त्याने जाणार नाही, बांधले जाईल. रोपवाटिकेचे वाफे असल्याने आपल्याला एक सोय आहे जी मोठ्या शेताला नसते, ती म्हणजे वरचा थर बदलणे किंवा रोपे ट्रेमध्ये स्वच्छ माध्यमात वाढवणे. जिवाणू त्या माध्यमातच, रोपाची मुळे तांब्याच्या मातीला भेटण्यापूर्वी द्यावेत, म्हणजे मुळावर त्यांचा थर आधीच बसलेला असेल. पुनर्लागवडीनंतरची आळवणी सायंकाळी, वाफसा असताना आणि क्लोरीन नसलेल्या पाण्यातून करावी. क्लोरीनचे पाणी असेल तर ते उघड्या टाकीत रात्रभर ठेवले तरी पुरते.